पाण्याचा माग धरून काळीच्या जंगलात: बेळगावहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

बेळगावच्या माणसाला जोडून सुट्टी मिळाली की गाडी चोर्ल्याने गोव्याला, नाहीतर आंबोलीला. खानापूर सोडून लोंढा-रामनगर ओलांडलं की थोड्याच वेळात एका राष्ट्रीय उद्यानाचं जंगल लागतं, ही गोष्ट आपल्याकडे अजून कितीतरी घरांत ठाऊक नाही. अणशी राष्ट्रीय उद्यान 1987 साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 340 चौरस किलोमीटर. त्याच्या अंगाला दांडेली अभयारण्य, ते 1956 पासूनचं. 2007 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 च्या अखेरीस त्याला काळी नदीचं नाव मिळालं. हे सगळं उत्तर कन्नड जिल्ह्यात, मुख्यतः जोयडा तालुक्यात. आणि त्याच जंगलाचा वरचा पदर म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य, 2011 च्या डिसेंबरात जाहीर झालेलं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण मोबाइलवर 'पॉइंट'ची यादी घेऊन निघतात आणि एका दिवसात आठ-दहा ठिकाणी गाडी थांबवून फोटो काढून परततात. त्यात जंगल काहीच कळत नाही. माझं सांगणं वेगळं आहे: इथल्या पाण्याचा माग धरा. कुठला ओढा कुठे जातो हे एकदा डोक्यात बसलं की डोंगर, जलाशय, घाट, गावं, सगळं एकमेकांत बसत जातं आणि काय बघायचं, काय सोडायचं हे आपोआप ठरतं.

आधी एक रविवार कणकुंबीला

जंगलात मुक्कामाला जाण्याआधी अर्धा दिवस काढून जांबोटीमार्गे कणकुंबीला जाऊन या. परवानगी लागत नाही, दुचाकीवरही जमतं. माउली देवीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, समुद्रसपाटीपासून 792 मीटरवर. ही नदी इथून पूर्वेकडे वळते, खानापुरातून पुढे सौंदत्तीला धरणात अडते आणि 304 किलोमीटर चालून कुडलसंगमाला कृष्णेत मिळते. म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात. आता तिथेच उभं राहून दक्षिणेकडची रांग बघा. त्या रानात, देगावच्या बाजूला म्हादई उगम पावते आणि ती गोव्यात उतरून मांडवी होते, अरबी समुद्राला मिळते. एकाच पावसाच्या सरीचं पाणी डोंगराच्या कुठल्या अंगावर पडलं त्यावर कुठल्या समुद्रात जायचं ते ठरतं. म्हादईच्या पाण्यावरून तीन राज्यांत लवाद बसला, 2018 च्या ऑगस्टमध्ये त्याचा निवाडा आला. हा वाद पेपरात वाचून जितका कळत नाही तितका कणकुंबीच्या माळावर उभं राहून कळतो.

तिसरी नदी काळी. ती अजून दक्षिणेला, गोव्याच्या हद्दीजवळ डिग्गी गावाच्या डोंगरात उगम पावते आणि 184 किलोमीटर वाहून कारवारला समुद्रात जाते. आपली सहल तिच्या काठाने.

एक गोष्ट आधीच सांगतो. सह्याद्रीच्या या भागात हिमालयासारखी नैसर्गिक सरोवरं नाहीत. इथे 'तलाव' म्हणून जे पाणी दिसतं ते धरणांचं. काळीवर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं एकामागोमाग उभी आहेत, आणि पाण्याला टेकलेले डोंगर बघायचे तर ते या जलाशयांच्या काठावरूनच.

कधी जावं

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर. या काळात सुपा जलाशय भरलेला असतो (भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 564 मीटर), हवा स्वच्छ असते आणि ओढे अजून वाहत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्षी बघणाऱ्यांनी जावं. एप्रिल-मेमध्ये पाणी खूप खाली जातं, काठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यात बुडालेल्या जुन्या झाडांचे वठलेले बुंधे उभे दिसतात. ते दृश्यही बघण्यासारखं आहे, पण पहिल्याच खेपेला नको.

पावसाळ्यात जाऊ नका असं मी नवख्यांना स्पष्ट सांगतो. सफारी बंद असतात, अणशी घाटात दरडी कोसळून रस्ता अडतो, जळवांनी पाय भरतात. खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांकडे जायला वनखातं मनाई करतं आणि त्यामागे बुडून गेलेल्या तरुण पोरांचा इतिहास आहे. वज्रपोहा धबधब्याचे व्हिडिओ बघून परवानगीशिवाय आडवाटेने जाणारे दरवर्षी निघतात. तुम्ही त्यांच्यात नसा.

परवानगीचं काम घरूनच उरका

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांतून जाणारा डांबरी रस्ता सगळ्यांचा असतो, पण रस्ता सोडून झाडीत टाकलेलं पाऊल परवानगीचं असतं. ही रेघ नीट लक्षात ठेवा. तीन प्रकारच्या परवानग्या लागतात.

पायवाटा आणि ट्रेक यांचं बुकिंग कर्नाटक वनखात्याच्या 'अरण्य विहार' संकेतस्थळावर होतं. तिथे नसलेली वाट म्हणजे बंद वाट, गावातला कुणी कितीही "चला, मी नेतो" म्हणाला तरी. जीपची सफारी दांडेलीजवळ फणसोलीहून निघते, त्याची तिकिटं वेगळी. आणि धरणं, वीजगृहं ही कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनच्या ताब्यात, सगळे 'केपीसी' म्हणतात. सुप्याच्या भिंतीवर किंवा अंबिकानगरच्या साइक्स पॉइंटवर जायचं तर केपीसीचा पास लागतो. आधार कार्डाची झेरॉक्स प्रत्येकाची बरोबर असू द्या.

कार्यालयांत फॉर्म आणि फलक कन्नडमध्ये असतात. बोलणं मात्र अडत नाही, कारण जोयड्यात घरोघरी कोकणी आणि मराठी चालते. तरी दोन वाक्यं कन्नडमधून बोललात तर नाक्यावरचा गार्ड मनापासून मदत करतो.

प्लॅस्टिकच्या पिशव्या, दारू आणि ड्रोन घरी ठेवा. नाक्यावर गाडी उघडून बघतात.

मुक्काम एकाच ठिकाणी, दोन रात्री

रोज जागा बदलण्यात अर्धा दिवस जातो. पहिल्या खेपेला गणेशगुडी हे ठिकाण मला सगळ्यांत सोयीचं वाटतं: धरण शेजारी, दांडेली एका बाजूला, जोयडा-अणशी दुसऱ्या बाजूला. इथलं सरकारी 'ओल्ड मॅगझिन हाऊस' पक्षी बघणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. धरण बांधताना सुरुंगाची दारू साठवायचं ते कोठार होतं. आता अंगणात पाण्याची उथळ भांडी मांडून ठेवलेली असतात आणि उन्हाच्या वेळी बुलबुल, दयाळ, माशीमार एकामागोमाग अंघोळीला उतरतात. बसल्या जागी, हातभर अंतरावरून.

कुळगीला आणि अणशीला वनखात्याचे निसर्ग शिबिर तळ आहेत, आणि भीमगडच्या बाजूला हेम्माडग्याला. जोयड्याच्या आसपास गावकऱ्यांनी घरगुती मुक्कामाची सोय केली आहे, कुणबी घरांतून. तिथे राहायला मिळालं तर जेवणात कंदमुळं मागा. कोन, मुडली असे कंद इथल्या कुणब्यांनी पिढ्यान्‌पिढ्या परसात जपले आहेत आणि हिवाळ्यात जोयड्याला त्यांचा मेळा भरतो.

पहिला दिवस: सुपा

सकाळी सातला बेळगाव सोडा. खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट, गणेशगुडी असा रस्ता. पेट्रोल रामनगरलाच भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा. पुढे रेंज येते-जाते, त्यामुळे यूपीआयवर विसंबू नका. गाडी नसेल तर बेळगावहून रेल्वेने लोंढा आणि तिथून बस, हा मार्ग जुना आणि खात्रीचा आहे. दिवसा मावेल इतकीच आखणी करा.

रामनगरला चहाला थांबाल तेव्हा ते गाव जरा नीट बघा. जुनं सुपा हे तालुक्याचं गाव काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर होतं. धरणात ते गेलं, बाजार, देवळं, घरं सगळ्यांसकट. तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं आणि उठलेल्या कितीतरी कुटुंबांनी रामनगरला पुन्हा चुली मांडल्या. ज्या निळ्या पाण्याचा फोटो आपण काढणार आहोत त्याच्या तळाशी या माणसांचं शिवार आहे. इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना "तुमचं मूळ गाव कुठलं?" एवढं विचारलंत तरी पुरे, पुढचं ते सांगतात. ऐकून घ्या, मध्ये फोन काढू नका.

सुप्याची भिंत 101 मीटर उंच आहे, 1987 साली धरण वापरात आलं. पास असेल तर दुपारी जा. फोटोवरचे नियम पहारेकऱ्याला विचारूनच फोन काढा. मात्र जलाशय डोळे भरून बघायचा तर भिंतीपेक्षा जोयड्याकडे जाणारा रस्ता बरा. वळणावळणाने पाणी झाडीतून डोकावतं, लांबवर डोंगरांची टोकं बेटांसारखी वर आलेली दिसतात आणि संध्याकाळी चारनंतर उजेड तिरका झाला की एकामागे एक रांगा वेगळ्या होतात. रस्त्याकडेला गाडी पूर्ण खाली घेऊन लावा, वळणावर नको.

पाण्यात उतरायचं नाही. जलाशयाचा काठ दिसतो उतरता, पण मातीखाली एकदम खोल कडा असते आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे दिसत नाहीत. धरणाच्या खालच्या अंगाला धोका निराळा आहे. वीजगृह विजेची मागणी वाढली की सुरू होतं आणि पात्रातलं पाणी बघता बघता चढतं. मघाशी कोरडा असलेला खडक पाण्याखाली जातो. गणेशगुडीला राफ्टिंग चालतं तेही याच सोडलेल्या पाण्यावर, म्हणून त्याच्या वेळा धरणाच्या वेळांवर ठरतात. परवानाधारक चालकाबरोबर, जाकीट घालून जा, आणि मनाने कुठेही उडी मारू नका. दांडेली गावाजवळ काळीत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. तिथे पाय धुवायलाही पात्रात उतरू नका.

दुसरा दिवस: पहाट पक्ष्यांची, दुपार खडकाची

उजाडायच्या आधी उठा. भारतात धनेशाच्या ज्या जाती आहेत त्यांतल्या चार इथे राहतात, मोठ्या राजधनेशापासून लहान करड्या धनेशापर्यंत. दांडेलीला कवड्या धनेश अगदी गावात, लाकडाच्या डेपोच्या मोठ्या झाडांवर येतात. त्यांना शोधायची युक्ती सोपी आहे: फळाला आलेला वड-उंबर शोधा आणि खाली गप्प उभे राहा. आधी पंखांचा आवाज येतो, वाफेचं इंजिन दम टाकत यावं तसा, आणि मग पक्षी दिसतो. फेब्रुवारीपासून मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. अशी ढोली सापडली तर लांबूनच बघा आणि तिचं ठिकाण कुठेही टाकू नका. नर घाबरून आला नाही तर आतली सगळी उपाशी मरतात.

वाघ दिसेल या आशेने सफारीला बसू नका. हे जंगल दाट आहे, वाघ थोडे, आणि झुडपात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. गवे, सांबर, भेकर, शेकरू दिसतात. काळ्या बिबट्यासाठी दांडेली ओळखलं जातं, पण तो दिसणं नशिबाचं.

दुपारनंतर सिंथेरी रॉक. गुंदच्या बाजूला रस्ता जातो, पुढे पायऱ्या उतरून कानेरी नदीच्या पात्रापाशी जायचं. समोर सुमारे 300 फुटांचा अखंड खडक उभा राहतो आणि त्याच्या पायाशी पाण्याने पोखरून केलेल्या कपारी आहेत. मान वर केलीत की खडकाला लटकलेली काळी पोळी दिसतील. ती आग्या मोहोळाची. हलल्यासारखी दिसतात, कारण पोळ्यावरच्या माशा लाटेसारख्या अंग हलवतात. इथे सेंट-अत्तर मारून जाऊ नये, बिडी-सिगारेट पेटवू नये, ओरडू नये, फ्लॅश मारू नये. माशी उठलीच तर हातवारे न करता तोंड झाकून आल्या वाटेने झपाट्याने निघा. पाण्यात बुडी मारून वाचता येतं असा समज आहे, पण त्या वर घिरट्या घालत थांबतात आणि खाली पाणी खोल आहे.

शांत जागा हवी असेल तर सिंथेरीऐवजी उळवीला जा. चन्नबसवण्णांची समाधी तिथे आहे आणि माघात मोठी यात्रा भरते. यात्रेच्या दिवसांत बैलगाड्यांनी रस्ते भरतात, तेव्हा जंगल बघायचा बेत पुढे ढकलावा.

रेल्वेच्या बाजूचा डोंगर

कॅसलरॉक वेगळ्या खेपेसाठी ठेवा, पण विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथून रुळांवरून चालत दूधसागरला जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, आणि घाटातल्या बोगद्यात समोरून गाडी आली तर सरकायला जागा नसते. त्यापेक्षा जवळच्या कुवेशीला वनखात्याने जमिनीपासून 30 फुटांवर झाडांच्या शेंड्यांतून चालायचा झुलता पूल बांधला आहे. जाण्याआधी तो सुरू आहे का हे विचारून घ्या.

भीमगडचा किल्लाही असाच, नंतरचा. शिवकालीन किल्ला, उभे कडे, आणि आजूबाजूला कोंगळा, पास्टोली, गवाळी अशी गावं, जिथली माणसं पावसाळ्यात ओढ्यावर बांबू-लाकडांचा साकव बांधून ये-जा करतात. त्या साकवावर रील काढायला गर्दी करू नका. आजारी माणसाला त्याच्यावरूनच खाटेवर घालून न्यावं लागतं. याच रानातल्या बारापेडे गुहांत राहणाऱ्या एका वटवाघळाची शास्त्रात 1913 मध्ये नोंद झाली, रॉटनचं वटवाघूळ म्हणून. कितीतरी वर्षं जगात ते फक्त इथेच आहे असं मानलं जायचं, पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. त्या गुहांत शिरायचं नाही. विजेरीच्या उजेडाने वटवाघळं उठली तर पिल्लं खाली पडतात.

जनावरं आणि किडे

जोयड्यातल्या माणसाला विचारा, तो वाघाला भीत नाही, अस्वलाला भितो. अस्वलाला लांबचं दिसत नाही. वारूळ उकरण्यात गुंग असलं की आपण जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही आणि मग ते दचकून थेट अंगावर येतं, तोंडावर पंजा मारतं. म्हणून पहाटे-संध्याकाळी एकट्याने चालू नये, चालताना हळू आवाजात बोलत राहावं, ताजं उकरलेलं वारूळ दिसलं की परत फिरावं. भात कापणीच्या दिवसांत दांडेली-हल्याळकडचे हत्ती खानापूरच्या शिवारात उतरतात. शेतकरी रात्र-रात्र माळ्यावर जागतो. अशा वेळी रात्री त्या रस्त्यांवर गाडी घालू नका, आणि हत्ती-गवा आडवा आला तर लाइट बारीक करून, हॉर्न न देता थांबा.

सगळ्यांत लहान जनावर सगळ्यांत दुर्लक्षिलं जातं: गोचीड. दिवाळीनंतर मेपर्यंत त्याच्या चाव्याने माकडतापाचा धोका असतो. 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, आता उत्तर कन्नड, गोवा, सिंधुदुर्गातही तो आढळतो. पायघोळ पँट मोज्यांत खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, मुक्कामावर आलात की गरम पाण्याने अंघोळ करून काखा, जांघा, कानामागे तपासा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता गार्डला सांगा. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत एकदम ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं असं झालं तर डॉक्टरला "जंगलात गेलो होतो" हे पहिलं सांगा.

पिशवीत फार काही नको. पक्क्या तळव्याचे बूट, स्टीलची बाटली, विजेरी, मीठ-साखरेची पुडी, एक पातळ स्वेटर आणि दुर्बीण. घरची भाकरी-चटणी बांधून घेतलीत तर उत्तम, कारण जोयड्यानंतर दुपारचं जेवण मिळेलच असं नाही. उरलेलं अन्न माकडांना घालायचं नाही.

तिसरा दिवस: अणशीतून समुद्राकडे

जोयडा, कुंभारवाडा, अणशी, मग घाट उतरून कद्रा आणि कारवार. हा रस्ता थेट राष्ट्रीय उद्यानातून जातो. सकाळी लवकर निघा, वेग कमी ठेवा, काचा खाली करा. घाटाच्या वरच्या तोंडाला हवा गार असते, खाली कद्र्याला उतरेपर्यंत अंगाला घाम येतो, आणि दोहोंच्या मधे झाडी बदलत जाते: वर उंच सदाहरित रान, खाली उतारावर बांबू आणि पानगळीची झाडं. अणशीला मोबाइल चालेल असं धरू नका, घरच्यांना जोयड्यातूनच फोन करा. कद्र्याला काळी शेवटच्या धरणात अडते, पलीकडे कैग्याचं अणुवीज केंद्र आहे, त्यामुळे त्या बाजूला गाडी वळवायची नाही. तिथून पुढे नदी रुंद होत कारवारला सदाशिवगडच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. तिथला जुना पूल 2024 च्या ऑगस्टमध्ये कोसळला, वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून चालते.

परतीचे दोन रस्ते: आल्या घाटाने, किंवा मडगाव-फोंड्यावरून अनमोड घाट चढून रामनगर. दुसरा लांब पडतो. कोणताही घेतलात तरी अंधारात जंगल ओलांडायची वेळ आणू नका. कारवारहून निघायला दुपारचे दोन वाजून गेले असतील तर तिथेच मुक्काम करा आणि सकाळी निघा.